इतुरीचं जंगल आणि तिथली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काँगोबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक युद्ध, इबोला किंवा ‘जंगलातली बुटकी माणसं’ एवढ्यावर आटोपतं. इतुरीचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींची आहेत, काहींची लांबली आहेत.

इतुरीचं जंगल नेमकं कुठे आहे?

काँगो नावाचे देश दोन आहेत. त्यांतला मोठा, किन्शासा राजधानी असलेला, तो काँगो लोकशाही प्रजासत्ताक. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात, विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेला हे जंगल पसरलंय. क्षेत्रफळ अंदाजे ६३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण पाचवा हिस्सा. ॲमेझॉननंतर जगातलं सगळ्यांत मोठं वर्षावन काँगोच्या खोऱ्यात आहे आणि इतुरी ही त्याची पूर्वेकडची कड. इथून पुढे जमीन चढत जाते, झाडं विरळ होतात, गवताळ डोंगर लागतात आणि मग अल्बर्ट सरोवराची खोल दरी येते.

जंगलाला नाव नदीवरून मिळालं. गंमत अशी की इतुरी नदी अल्बर्ट सरोवराच्या बाजूच्याच डोंगरांत उगम पावते. सरोवराचं पाणी नाईलमार्गे भूमध्य समुद्राला जातं, ही नदी मात्र त्याच्याकडे पाठ करून पश्चिमेला निघते. वाटेत नेपोको नदी मिळाली की तिचं नाव अरुविमी होतं, आणि बासोकोपाशी ती काँगो नदीत शिरते. डोंगराच्या एका अंगाला पडलेला पाऊस इजिप्तकडे जातो, दुसऱ्या अंगाचा अटलांटिककडे.

इतुरी प्रांत आणि इतुरीचं जंगल एकच का?

नाही, आणि बातम्या वाचताना इथेच गोंधळ होतो. इतुरी प्रांत २०१५ साली जुन्या ओरिएंताल प्रांताचे तुकडे झाले तेव्हा बनला. त्याची राजधानी बुनिया पूर्वेकडच्या गवताळ पठारावर आहे. १९९९ ते २००३ या काळात हेमा आणि लेंडू या समाजांत जो भीषण संघर्ष झाला, तो मुख्यतः त्या पठारावरचा. जंगल प्रांताच्या पश्चिम भागात, बहुतांशी माम्बासा तालुक्यात येतं आणि उत्तरेला शेजारच्या प्रांतातही शिरतं.

तिथे बारा महिने पाऊस पडतो का?

जवळजवळ. वर्षाला साधारण १,७०० ते १,८०० मिलिमीटर. हा आकडा मराठी माणसाला फुसका वाटेल, कारण महाबळेश्वरला याच्या तिप्पट पाऊस होतो. फरक आहे तो वाटणीचा. आपल्याकडे चार महिन्यांत सगळं कोसळून जातं आणि उरलेले आठ महिने झाडं तग धरून राहतात. इतुरीत तोच पाऊस वर्षभर थोडाथोडा येत राहतो. डिसेंबर ते फेब्रुवारी जरा कोरडे, तेही पूर्ण सुके नाहीत. त्यामुळे झाडांना एकदम पानं गाळायची वेळच येत नाही.

समुद्रसपाटीपासून उंची ७०० ते १,००० मीटर असल्यामुळे हवा फार तापत नाही. दिवसा दमट उकाडा आणि पहाटे शेकोटीपाशी सरकून बसावं असा गारठा.

आत शिरल्यावर जंगल कसं दिसतं? सगळीकडे वेलींचं जाळं असतं का?

सिनेमातलं वेलींनी गच्च भरलेलं जंगल प्रत्यक्षात नदीकाठी, रस्त्याकडेला किंवा जिथे कधीतरी शेती होऊन पडीक राहिली तिथे लागतं. उजेड जमिनीपर्यंत पोचतो तिथेच अशी झुडपं माजतात. एकदा आत गेलं की इतुरीचे मोठे पट्टे चक्क मोकळे असतात. डोक्यावर ३०-४० मीटर उंचीचं छत, खाली सावली आणि पायाखाली जाड पालापाचोळा. चालायला अडचण नसते, पण दिशा मात्र पार चुकते, कारण चहूकडे सारखंच दिसतं.

याचं कारण म्बाऊ नावाचं झाड. शास्त्रीय नाव गिल्बर्टियोडेंड्रॉन देवेव्राई. वर्षावन म्हटलं की एकेका हेक्टरात शेकडो जातींची झाडं असं आपण वाचलेलं असतं. म्बाऊच्या पट्ट्यात मात्र उंच झाडांपैकी बहुसंख्य एकाच जातीची निघतात. त्याचं बी मोठं आणि जड, वाऱ्यावर उडत नाही, आईच्या पायाशीच पडतं. रोपाला दाट सावली सोसते. वरून मोठ्या चिवट पानांचा थर साचत जातो, तो सावकाश कुजतो, आणि इतर जातींच्या बारीक बियांना त्यातून मुळं मातीपर्यंत नेता येत नाहीत. अशी शतकानुशतकं हे झाड आपला पट्टा राखून बसतं. त्याला फळ धरलं की रानडुकरं गोळा होतात आणि त्यांच्या मागोमाग शिकारी.

म्बाऊच्या पट्ट्यांच्या अधेमध्ये मिश्र जंगल आहे, आणि जातींची खरी श्रीमंती तिथे. उत्तरेला जंगलातून काळ्या खडकांचे उघडे डोंगर वर आलेत. त्यांच्यावर पाणी ठरत नाही, म्हणून तिथे कोरड्या जागेत वाढणाऱ्या वेगळ्याच वनस्पती सापडतात.

एपुलू गावाजवळ १९९४ पासून मोठे संशोधन-भूखंड आखून त्यांतलं एकेक झाड मोजून नोंदवलं गेलंय. युद्धात बाकी वरिष्ठ मंडळी निघून गेली तेव्हा कोर्नेई एवांगो हा काँगोली वनस्पतिशास्त्रज्ञ मागे राहिला आणि वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने त्याने लपवून वाचवले. त्याला २००५ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. या जंगलाबद्दल आज जी नेमकी माहिती हाताशी आहे, त्यातली बरीचशी अशा स्थानिक माणसांच्या चिकाटीमुळे टिकली आहे. परदेशी मोहिमांच्या कहाण्यांत ही नावं क्वचितच येतात.

‘पिग्मी’ म्हणावं का?

आपल्याकडे पिग्मी म्हटलं की आधी पतसंस्थेचा एजंट आठवतो, ते सोडा. आफ्रिकेत हा शब्द दीर्घकाळ हिणवण्यासाठी वापरला गेला, त्यामुळे शक्य असेल तिथे त्या समाजाचं नाव घ्यावं: म्बुटी, एफे, सुआ, असुआ. तरीही हा शब्द सरसकट बाद झालेला नाही. काँगोने जुलै २०२२ मध्ये या समाजांच्या हक्कांसाठी कायदा केला, त्याच्या नावातच ‘आदिवासी पिग्मी लोक’ असा उल्लेख आहे. निरनिराळ्या समाजांना मिळून हक्क मागायचे तर एखादं सामाईक नाव लागतंच.

मग इतुरीत कोणकोण राहतं?

मोठ्या मानाने दोन प्रकारचे लोक. एक शिकार आणि वेचणीवर जगत आलेले, ज्यांना एकत्रितपणे बाम्बुटी म्हणतात. त्यांची संख्या बहुधा ३० ते ४० हजारांच्या घरात सांगितली जाते. दुसरे, जंगलात कापून-जाळून शेती करणारे गावकरी.

मेख अशी की बाम्बुटींचा प्रत्येक गट कुठल्या ना कुठल्या शेतकरी समाजाशी जोडलेला आहे. मध्य आणि दक्षिण भागात जाळी लावून शिकार करणारे म्बुटी बिला शेतकऱ्यांच्या सोबतीने राहतात. उत्तर-पूर्वेला धनुष्यबाण वापरणारे एफे लेसे लोकांसोबत. पश्चिमेला बुडू आणि न्डाका यांच्या शेजारी सुआ, आणि वायव्येला मांगबेटूंच्या शेजारी असुआ. नकाशावर अशा जोड्या लावत गेलं की इतुरी बरंचसं उलगडतं.

शेतकऱ्यांमध्येही दोन घराणी आहेत. बिला, बुडू, न्डाका यांच्या भाषा बांटू कुळातल्या, तर लेसे आणि मांगबेटू यांच्या मध्य-सुदानी कुळातल्या. दोघांच्या भाषांत मराठी आणि कानडीएवढं अंतर आहे, तरी जंगल एकच, पिकं तीच आणि घरंही मिळतीजुळती.

गेल्या काही दशकांत तिसरा घटक आलाय: दक्षिणेकडच्या दाट वस्तीच्या डोंगरांतून जमिनीच्या शोधात उतरलेले नांदे. कष्टाळू, व्यापारात तरबेज. रस्त्याकडेची बरीच दुकानं आणि नवी कोकोची लागवड त्यांच्या हातात आहे, आणि जंगलतोडीचा ठपकाही त्यांच्यावरच येतो. जुन्या गावकऱ्यांनी त्यांना जमिनी दिल्या, पैसे घेतले, ही दुसरी बाजू फार कोणी बोलत नाही.

बाम्बुटींची स्वतःची भाषा नाही हे खरं का?

आज तरी ते आपापल्या शेजारी शेतकऱ्यांच्या भाषांशी जुळणाऱ्याच भाषा बोलतात. एफेंची भाषा लेसेशी, म्बुटींची बिलाशी. ढब वेगळी, काही शब्द वेगळे. पण भाषा शेजाऱ्याची म्हणजे संस्कृतीही उसनी, असा अर्थ काढू नये. म्बुटींचं समूहगायन कोणत्याही शेतकरी समाजात आढळत नाही. चार-पाच सूर एकमेकांत गुंतवत, शब्दांपेक्षा आवाजावर भर देत, कोणी एक मुख्य गायक न ठेवता ते गातात. घरात मृत्यू झाला किंवा शिकार सतत हुकू लागली की मोलिमो नावाचा विधी होतो. रात्री जंगलातून एका लांब तुतारीचा आवाज येत राहतो आणि तळावरचे पुरुष त्याला गाण्याने उत्तर देतात. जंगल झोपी गेलंय, त्याला जागं करायला हवं, अशी त्यामागची धारणा.

जाळ्याने शिकार कशी करतात?

सकाळी ऊन जरा वर आलं की पुरुष जाळी खांद्यावर टाकून निघतात. एकेक जाळं ३० ते ५० मीटर लांब आणि कंबर-छातीइतकं उंच असतं. ते कुसा नावाच्या वेलीच्या सालीचे तंतू मांडीवर वळून केलेल्या दोरीचं असतं. चांगलं जाळं म्हणजे महिनोन्‌महिन्यांचं काम, म्हणून ते बापाकडून मुलाकडे येतं आणि फाटलं की तेवढा भाग विणून घेतात. निघताना बरोबर निखारा असतो, पानांत गुंडाळलेला. वाटेत एखाद्या झाडाच्या बुंध्याशी धूर करतात आणि मग पुढे.

ठरलेल्या जागी पोचल्यावर कोणी बोलत नाही. प्रत्येक जण आपलं जाळं झुडपांच्या फांद्यांना अडकवत जातो आणि शेजाऱ्याच्या जाळ्याच्या टोकाला भिडवतो. दहा-बारा जाळ्यांचा मोठा अर्धवर्तुळाकार वेढा तयार होतो. उघड्या बाजूला बायका आणि मुलं ओळीत पसरतात आणि खूण मिळताच आरडाओरडा करत, पालापाचोळा बडवत आत येतात. पाल्यात दबून बसलेले डायकर, म्हणजे छोटे काळवीटवर्गी प्राणी, उधळतात आणि जाळ्यात गुंततात. यांतला सगळ्यांत लहान निळा डायकर चार-पाच किलोंचा असतो, आणि बहुतेक दिवस पदरात पडतो तो हाच. एक वेढा संपला की जाळी गुंडाळायची, थोडं पुढे जाऊन पुन्हा लावायची. दिवसातून असं अनेकदा.

शिकार ज्याच्या जाळ्यात सापडली त्याची, पण ती एकट्याने खायची नसते. कोणी पकडायला धावलं, कोणी जाळं उसनं दिलं, त्यानुसार वाटे ठरतात आणि त्यावरून भांडणंही भरपूर होतात. बायका नसतील तर ही शिकार होतच नाही. ‘पुरुष शिकारी, बाई घरी’ असं चित्र ज्यांनी रंगवलं त्यांनी म्बुटींच्या तळावर एक सकाळ काढायला हवी होती.

एफेंची तऱ्हा निराळी. ते माकडं विषारी बाणांनी झाडावरच टिपतात, तर जमिनीवरच्या जनावरांसाठी लोखंडी पात्याचे बाण घेऊन कुत्र्यांसह हाका करतात. तिथली कुत्री फारशी भुंकत नाहीत, म्हणून त्यांच्या गळ्यात लाकडी घंटा बांधतात.

आणि मध?

मांसापेक्षा जास्त जीव कशात असेल तर तो मधात. साधारण जून ते ऑगस्ट हा हंगाम. तेव्हा एफेंची कुटुंबं रस्त्याकडेची वस्ती सोडून आत खोल राहायला जातात. मोहळ दिसलं की पुरुष वेलीच्या दोराने ३० मीटरपर्यंत चढतो, धुमसत्या पानांच्या पुडीने धूर देतो, कुऱ्हाडीने ढोली मोठी करतो आणि पोळं पानात गुंडाळून खाली सोडतो. खाली थांबलेल्यांना धीर नसतो. मध, मेण, अळ्या सगळं तिथल्या तिथे खाल्लं जातं. फुलोरा चांगला असेल त्या वर्षी आठवडेच्या आठवडे लोक मुख्यतः मधावर राहतात. फुलोरा हुकला तर तो हंगाम वाईट जातो आणि गावातल्या केळी आणि कसावा (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद) यांच्यावर भार वाढतो.

घरं कशी असतात?

तळावरची झोपडी बाई बांधते, तीही काही तासांत. लवचिक फोक जमिनीत रोवून, वाकवून घुमट करायचा आणि त्यावर मोंगोंगोची रुंद पानं कौलांसारखी एकावर एक खोचत जायची. गळायला लागलं की दोन पानं सरकवली, काम झालं. महिन्याभराने तळ हलला की झोपडी तशीच सोडून देतात.

एफेंच्या तळांवरच्या तान्ह्या बाळांवर १९८० च्या दशकात बराच अभ्यास झाला. बाळ दिवसभर या हातातून त्या हातात फिरत असतं, आणि आई कामात असेल तर दुसरी लेकुरवाळी बाई त्याला पाजते. मानसशास्त्रात तोवर ‘बाळ आणि एकटी आई’ हीच जोडी गृहीत धरलेली होती. या अभ्यासामुळे त्या गृहीतकाला धक्का बसला.

त्यांची उंची कमी का असते?

एफे पुरुषांची सरासरी उंची १५० सेंटिमीटरच्या आत आहे. खाण्याची आबाळ हे एकमेव कारण नाही, यावर आता बऱ्यापैकी एकमत आहे, कारण अनुवंशाचा वाटा स्पष्ट दिसतो. दमट उष्णतेत लहान शरीर लवकर निवतं, दाट झाडीत हालचाल सोपी होते, किंवा मृत्यू लवकर येण्याचा धोका असल्याने वाढ आवरती घेऊन मुलं लवकर होतात, असे निरनिराळे तर्क आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एफे आणि सुआ बाळं जन्मतःच लहान असतात, तर कॅमेरूनच्या बाका समाजातली बाळं सर्वसाधारण आकाराची जन्मतात आणि पहिल्या दोन वर्षांत त्यांची वाढ मंदावते. म्हणजे उंची कमी होण्याच्या वाटाही दोन ठिकाणी दोन.

शेतकऱ्यांशिवाय, नुसत्या जंगलावर ते जगत होते का?

या प्रश्नावर मानववंशशास्त्रात चांगलीच जुंपली होती. वर्षावन हिरवंगार दिसतं, पण माणसाला पचेल असा पिष्टमय आहार त्यात थोडा. फळं हंगामी, शिकारीच्या अंगावर चरबी कमी. एफेंच्या आहाराची मोजदाद झाली तेव्हा अर्ध्याहून जास्त उष्मांक शेतातल्या पिकांतून येत असल्याचं आढळलं. त्यावरून १९८० च्या दशकात काही अभ्यासकांनी थेट प्रश्न टाकला: शेती येण्याआधी खोल जंगलात कोणी कायमचं राहतच नसावं का?

उत्तर पुरातत्त्वाकडून आलं. इतुरीतल्या शिलाश्रयांत, म्हणजे खडकांच्या कपारींत, उत्खनन झालं आणि शेतीच्या कितीतरी हजार वर्षं आधीची दगडी हत्यारं मिळाली. माणसं होती. ती कशी भागवत होती, यावर चर्चा चालू राहील. दुसरीकडे, आज अस्पर्श वाटणाऱ्या जंगलातल्या मातीखाली जागोजाग कोळसा सापडलाय, गेल्या चार हजार वर्षांतला. म्हणजे आगी लागल्या किंवा लावल्या गेल्या, झाडांची सरमिसळ बदलत राहिली. ‘अनादि काळापासून जसंच्या तसं’ हे इतुरीचं वर्णन पर्यटनाच्या पत्रकात शोभेल फार तर.

गावकरी आणि बाम्बुटी यांचं नातं मालक-नोकराचं आहे का?

गावकऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, ‘हे आमचे लोक.’ एफे किंवा म्बुटी गावातून परतला की तळावर बसून त्याच गावकऱ्याची नक्कल करून सगळ्यांना हसवेल. दोन्ही खरं आहे.

व्यवहार असा: बाम्बुटी मांस, मध, झोपडीसाठी पानं आणि शेतावरची मजुरी देतात. बदल्यात कसावा, केळी, मीठ, लोखंड, कपडे, तंबाखू मिळते. नातं दोन कुटुंबांमध्ये असतं आणि पिढीजात चालतं. एफेच्या लग्नात त्याचा लेसे साथीदार मदत करतो, त्याच्या आजारपणात धावतो, भांडणात बाजू घेतो. मुलग्यांचा सुंतेचा विधी पुष्कळ ठिकाणी दोन्ही समाज मिळून करतात. पण पंगतीत बरोबरी नाही. एफे बाई लेसे पुरुषाशी लग्न करते, उलट जवळजवळ घडत नाही. ‘ते जंगली, घाणेरडे’ हे उद्गार गावात सर्रास ऐकू येतात, आणि शाळा, दवाखाना, जमिनीचा कागद या सगळ्यांत बाम्बुटी शेवटच्या रांगेत.

याला गुलामी म्हणणारे आहेत, तसंच याला गोड सहजीवन म्हणणारेही. माझ्या मते दोन्ही शब्द आळशी आहेत. जुन्या व्यवस्थेत बाम्बुटींकडे एक हुकमाचं पान होतं: पटलं नाही तर उठून जंगलात निघून जायचं. जंगल जसं रस्त्यापासून मागे हटतंय, तसं हे पान त्यांच्या हातून निसटतंय. जातिभेद जुनाच आहे. त्यात भर पडली ती या लाचारीची.

ओकापी हा काय प्राणी आहे?

पायांवर झेब्र्यासारखे पट्टे, अंग तपकिरी मखमलीसारखं, आणि नातेवाईक जिराफ. लांब निळसर जिभेने पाला ओरबाडतो. एकटा राहतो, लाजाळू, आणि जगात फक्त या एकाच देशात सापडतो. पिल्लू जन्मल्यानंतर जवळपास महिनाभर विष्ठा टाकत नाही, म्हणजे लपलेल्या पिल्लाचा वास बिबट्याला लागत नाही.

युरोपला तो कळला १९०१ साली. त्याआधी १८८७ मध्ये हेन्री स्टॅनली हा ब्रिटिश शोधप्रवासी आपली मोहीम घेऊन अरुविमीकाठाने या जंगलातून गेला. त्याची शेकडो माणसं भुकेने आणि रोगाने मेली, पण त्याने लोकांकडून गाढवासारख्या जनावराची गोष्ट ऐकून टिपून ठेवली. पुढे हॅरी जॉन्स्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने कातड्याचे पट्टे आणि कवटी मिळवून लंडनला पाठवली. आधी तज्ज्ञांनी त्याला घोड्याच्या कुळात टाकलं, कवटी पाहिल्यावर ती चूक सुधारली. म्बुटी त्याला पिढ्यान्‌पिढ्या खड्ड्यात पकडत होते, हे वेगळं सांगायला नको.

तिथे मोरही आहे म्हणतात?

हो, आणि त्याच्या शोधात आपल्या मोराचा हात आहे. १९१३ मध्ये जेम्स चॅपिन या अमेरिकन पक्षितज्ज्ञाला इतुरीकाठच्या आवाकुबीला एका टोपीत खोचलेलं अनोळखी पीस दिसलं. त्याने ते जपून ठेवलं. २३ वर्षांनी, १९३६ साली, बेल्जियममधल्या तेर्वुरेनच्या संग्रहालयात त्याला कपाटावर दोन पेंढा भरलेले पक्षी सापडले. त्यांच्यावर चिठ्ठी होती: भारतीय मोर, पूर्ण वाढ न झालेला. पीस जुळलं, आणि काँगो मोर नावाची नवी जात नोंदली गेली. आफ्रिकेतला हा एकमेव मोर.

ओकापी राखीव क्षेत्रात माणसांना राहू देतात का?

देतात, आणि हेच त्याचं वेगळेपण. १९९२ साली साधारण १४,००० चौरस किलोमीटरचा हा भाग राखीव झाला, १९९६ मध्ये जागतिक वारसा यादीत आला आणि १९९७ पासून ‘संकटग्रस्त’ यादीत आहे. ते राष्ट्रीय उद्यान नाही. आतली गावं आतच ठेवली, म्बुटी आणि एफेंना पोटापुरती, पारंपरिक शिकार करण्याची मुभा दिली, फक्त गाभ्यात बंदी. याच देशात दक्षिणेला काहुझी-बिएगा उद्यानासाठी १९७० च्या दशकात त्वा या तिथल्या पिग्मी समाजाला हुसकून लावलं गेलं. त्यांचे हाल आजही संपलेले नाहीत. त्या मानाने इतुरीत शहाणपणा झाला.

२०१२ मध्ये एपुलूला काय झालं?

एपुलूला १९५२ पासून ओकापी पाळणारं केंद्र होतं. २४ जून २०१२ च्या पहाटे माई-माई सिम्बा टोळीने त्यावर हल्ला केला. वनरक्षकांनी हस्तिदंतासाठी होणारी चोरटी शिकार आणि बेकायदा सोन्याच्या खाणी यांवर कारवाई चालवली होती, त्याचा हा सूड. वनरक्षकांसह गावकरी मारले गेले, इमारती जाळल्या आणि केंद्रातले सगळे, म्हणजे १४ ओकापी मेले. केंद्र पुन्हा उभं राहिलं, पण तिथे पुन्हा ओकापी ठेवले नाहीत.

युद्धाची झळ जंगलातल्या लोकांना कितपत लागली?

खूप, आणि सगळ्यांत वाईट काळ २००२ च्या अखेरीचा. माम्बासा भागात बंडखोर गटांनी ‘पाटी पुसून टाका’ अशा नावाची मोहीम चालवली. खून, बलात्कार, लूट झाली, आणि नरमांसभक्षणाचे प्रकारही संयुक्त राष्ट्रांच्या तपासात समोर आले. बळींमध्ये नांदे होते आणि म्बुटीही. म्बुटींना वाटाडे किंवा शिकारी म्हणून जबरदस्तीने वापरलं गेलं, नकार दिला की मारलं. तोवर गडबड झाली की जंगलात शिरायचं हा त्यांचा हमखास उपाय होता. या वेळी बंदूकवालेच जंगलात शिरले होते.

मे २०२१ पासून इतुरी प्रांतात ‘वेढा-स्थिती’, म्हणजे मुलकी प्रशासनाऐवजी लष्कराचा कारभार, लागू आहे. एडीएफ या मूळच्या युगांडातल्या सशस्त्र गटाचे हल्ले माम्बासा तालुक्यातही झाले आहेत.

आज जंगलाला सगळ्यांत मोठा धोका कशाचा?

रस्ता आणि सोनं, या क्रमाने. किसांगानी–निया-निया–एपुलू–माम्बासा–कोमांडा असा राष्ट्रीय मार्ग क्रमांक ४ जंगलाच्या मधोमध जातो. बेल्जियन राजवटीत शेतकऱ्यांची विखुरलेली गावं उठवून रस्त्याकडेला आणली, तेव्हापासून इतुरीची वस्ती रस्त्याच्या रेषेत आहे. रस्ता खचला की व्यापार मरतो आणि प्राणी वाचतात. दुरुस्त झाला की लाकूड, कोको, मांस आणि माणसं सगळंच सुटं होतं. गावकऱ्याला रस्ता हवाच आहे, बाळंतीण दवाखान्यात न्यायची असते.

सोन्याच्या खाणी म्हणजे ओढ्याकाठचे खड्डे आणि त्यांच्याभोवती ताडपत्रीची गावं. त्या गावांना खायला मांस लागतं. जाळ्यात दिवसाला तीन-चार डायकर धरणं वेगळं आणि तारेचे फास लावून बाजारासाठी रान मोकळं करणं वेगळं. अलीकडे चिनी मालकीचे ड्रेजर, म्हणजे तळाचा गाळ उपसणारी यंत्रं, नदीत उतरलेत. राखीव क्षेत्राची हद्द नक्की कुठली, यावरच वाद घालून परवाने टिकवले जातात.

इबोलाची साथ इथे आली होती का?

२०१८–२० ची साथ उत्तर किवू आणि इतुरी या दोन प्रांतांतली. १ ऑगस्ट २०१८ ला जाहीर झाली, २५ जून २०२० ला संपली. ३,४७० रुग्ण, २,२८७ मृत्यू. माम्बासा तालुकाही तिच्या कचाट्यात होता.

तिथे जाता येतं का?

सध्या नको. परवानगी, विमा, सुरक्षा यांतलं काहीच सरळ नाही. हे जंगल पाहायचंच असेल तर सीमेपलीकडे युगांडात सेमुलिकी राष्ट्रीय उद्यान आहे. ते इतुरीचंच पूर्वेकडे गेलेलं टोक. ओकापी दिसणार नाही, पण झाडं आणि पक्षी काँगोचे आहेत. निघण्याआधी सीमाभागातली ताजी परिस्थिती पाहून घ्या. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी ठरावीक सरकारी केंद्रात घ्या आणि पिवळं प्रमाणपत्र जपून ठेवा. ते परतताना भारतीय विमानतळावरही मागतात, आणि नसेल तर विलगीकरणात बसवतात.